एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स अर्ध्यावर सुटू नये म्हणून

'स्वयं' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या एनपीटेल कोर्सला (आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ कोर्स) नाव नोंदवणं फुकट असतं, त्यामुळे जानेवारीत किंवा जुलैत उत्साहाच्या भरात तीन-तीन कोर्स घेतले जातात. कॉलेज चालू असताना पहिल्यांदाच करत असाल तर एकच घ्या. आठवड्याला साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाची पाच व्याख्यानं असतात, म्हणजे नुसतं बघायलाच अडीच तास. मध्ये थांबवून वहीत सोडवत बघितलं तर चार होतात, आणि असाइनमेंटचे एक-दीड वेगळे. हे पाच-साडेपाच तास कोणत्या वारी, किती वाजता काढणार, ते नोंदणीच्या आधी लिहून काढा.

आठवड्याची आखणी व्हिडिओंवरून करू नका, असाइनमेंटच्या मुदतीवरून करा. मुदत बहुतेक कोर्सना बुधवारी रात्री ११:५९ची असते. व्याख्यानं शनिवार-रविवारी, असाइनमेंटची पहिली फेरी सोमवारी आणि मंगळवारी सबमिट, अशी घडी बसली की बुधवारी वीज गेली किंवा नेट बंद पडलं तरी बिघडत नाही. मुदतीपर्यंत उत्तरं बदलून कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं सबमिशन धरलं जातं. म्हणून सोमवारी जेवढं येतंय तेवढं भरून टाका, अडलेले प्रश्न मंगळवारी पुन्हा बघा.

गळती सुरू होते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सुरुवातीला उजळणी असते, सगळं समजतंय असं वाटतं आणि व्हिडिओ जेवताना बघितले जातात. मग नवा भाग येतो, त्याच सुमारास कॉलेजच्या चाचण्या लागतात, जुलैच्या सत्रात गणपतीही येतात. दोन असाइनमेंट हुकल्या की 'आता काय उपयोग' म्हणून कोर्स सोडला जातो. हे सोडणं अगदी अनाठायी आहे. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्सला ६, तर ४ आठवड्यांच्या कोर्सला ३. म्हणजे मोठ्या कोर्सात चार हुकल्या तरी वाट बंद होत नाही. ही सवलत आजारपण आणि कॉलेजच्या सबमिशनच्या धबडग्यासाठी राखून ठेवा, पहिल्याच महिन्यात कंटाळ्यावर खर्च करू नका.

मागे पडलात तर जिथे थांबलात तिथून सुरू करायचा मोह होतो, पण तो टाळा. मुदत गेलेल्या असाइनमेंटला गुण मिळत नाहीत, आणि ती भरून काढता काढता चालू असलेलीही हातची जाते. आधी खुली असाइनमेंट बघा, तिला लागणारी व्याख्यानं बघा, मागचं सुट्टीत भरून काढा. रेषीय बीजगणित किंवा संभाव्यतेसारख्या विषयात मात्र एका आठवड्यावर पुढचा उभा असतो. तिथे हुकलेल्या आठवड्याचं लिखित रूपांतर किंवा स्लाइड्स तासाभरात वाचून मगच पुढे जा.

व्याख्यान बघताना सरांनी फळ्यावर उदाहरण घेतलं की व्हिडिओ थांबवा आणि पुढची पायरी स्वतः लिहा. नाही जमली तर वहीत मिनिट-सेकंद टिपून ठेवा. 'तिसरा आठवडा समजला नाही' असं विचारून मदत मिळत नाही. 'दुसऱ्या व्याख्यानात १४:२०ला चिन्ह का बदललं' असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. अनेक कोर्सना आठवड्याला ऑनलाइन प्रश्न सोडवण्याचं सत्र असतं, हे टिपण घेऊनच तिथे बसा.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या उत्तरांच्या नादी लागू नका. ती चुकीचीही असतात, पण खरं नुकसान वेगळंच आहे. असाइनमेंटला २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. उतरवून २५ मिळवले आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५३ होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही.

परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिला शुल्क आहे. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं, असं समजू नका. क्रेडिट हवे असतील तर प्रोफाइलमध्ये कॉलेजचं नाव बरोबर निवडा आणि कॉलेजच्या स्पॉकना (एनपीटेलचं काम बघणारे संपर्क प्राध्यापक) सुरुवातीलाच भेटा. ओळखपत्रावर जसं नाव आहे तसंच इथे टाका.

मुदत संपली की असाइनमेंटची उत्तरं खुली होतात. परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळी व्याख्यानं पुन्हा बघायला वेळ पुरत नाही. बाराही असाइनमेंट उत्तरं झाकून कोऱ्या कागदावर सोडवा, आणि जे प्रश्न दुसऱ्यांदाही चुकतील तेवढ्यांचीच व्याख्यानं उघडा.