समाजमाध्यमे आणि राजकारण: तटस्थपणे कसे लिहावे

समाजमाध्यमांवरील राजकारणाविषयी लिहिताना सर्वांत आधी प्रत्येक विधानाचा धनी शोधावा लागतो. हे काम कसे करायचे, ते केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण समोर ठेवून पाहू. निवडणूक प्रचारासाठी मतदारांच्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्या या ब्रिटिश कंपनीकडे फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती एका प्रश्नावलीच्या ॲपमधून पोहोचली होती. हेच प्रकरण घेतले, कारण त्यात भारतातील दोन्ही मोठे पक्ष ओढले गेले आणि त्या वेळी घाईत लिहिलेली वाक्ये अजूनही तशीच उतरवली जातात.

‘साडेपाच लाख भारतीयांची माहिती चोरली’ हे वाक्य घ्या. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकने सांगितले होते ते असे, की भारतात ३३५ जणांनी संबंधित ॲप घेतले होते आणि त्यांच्या मित्रयादीतील व्यक्ती धरून ५,६२,४५५ जणांची माहिती त्या कंपनीपर्यंत गेली असण्याची शक्यता आहे. म्हणजे हा आकडा फेसबुकचा स्वतःचा अंदाज आहे, आणि तोही शक्यतेचा. लेखात तो फेसबुकच्याच नावावर टाकावा. ‘चोरली’ हे क्रियापदही तपासावे. कोणी संगणकप्रणाली फोडली नव्हती. ॲप घेणाऱ्याच्या मित्रांची माहितीही ॲपला मिळावी, अशी सोय फेसबुकनेच त्या काळी ठेवली होती, आणि ती माहिती पुढे दुसऱ्या कंपनीच्या हाती देणे हा फेसबुकच्या नियमांचा भंग होता. एवढे सगळे लिहिले तर वाक्य लांबते, पण चूक नेमकी कोणाची होती, हे वाचकाला त्यातूनच कळते.

पुढचा भाग अधिक नाजूक आहे. कंपनीचे माजी कर्मचारी ख्रिस्तोफर वायली यांनी २७ मार्च २०१८ रोजी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे, काँग्रेस ही कंपनीची ग्राहक होती असे आपल्याला वाटते, असे सांगितले. काँग्रेसने ते फेटाळले. भाजप आणि काँग्रेस यांनी तेव्हा एकमेकांवर आरोप केले होते. येथे ‘वायली यांनी उघड केले’ असे लिहिले, तर ते म्हणणे सिद्ध झाले असा अर्थ होतो. ‘काँग्रेसने कबूल करण्यास नकार दिला’ असे लिहिले, तरी तोच अर्थ मागच्या दाराने येतो. ‘म्हणाले’ आणि ‘फेटाळले’ ही साधी क्रियापदे पुरेशी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयने कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदवला. गुन्हा नोंदवणे, आरोपपत्र आणि दोषसिद्धी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि लेखात त्यांची सरमिसळ होता कामा नये.

मराठीत आणखी एक पळवाट आहे, ती म्हणजे ‘मानले जाते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा आहे’. ही रचना कर्त्याला लपवते. कोण मानते, हे सांगता येत नसेल तर ते वाक्य काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘भक्त’, ‘चमचे’ यांसारखे शब्द केवळ अवतरणात, ते कोणी वापरले हे सांगून यावेत.

स्रोतांबाबत सर्वाधिक फसगत मोजणीत होते. पाच वर्तमानपत्रांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापली, तर तो एकच स्रोत धरावा. न्यायालयाचा निर्णय असेल, तर बातमीसोबत निकालपत्रही वाचावे: २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे हा गुन्हा ठरवणारे) रद्द केले, पण त्याच निकालात सरकारला ऑनलाइन मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ कायम ठेवले. पहिलाच भाग लिहिला, तर वाचकाला निकाल अर्धाच कळतो. नेत्याची पोस्ट ही तो काय म्हणाला याचा पुरावा आहे, तो म्हणाला ते खरे असल्याचा नव्हे; पोस्ट पुसली जाऊ शकते, म्हणून तारखेसह तिची प्रत जपून ठेवावी. अग्रलेखातील मत ‘अमुक दैनिकाच्या मते’ असेच द्यावे.

दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी देणे म्हणजे तटस्थता नव्हे. ज्या बाजूचा पुरावा भक्कम, तिचा तपशील साहजिकच जास्त येईल. मात्र मसुदा पूर्ण झाल्यावर आपल्या विरुद्ध मताच्या परिचिताला तो वाचायला द्यावा, आणि ज्या शब्दावर तो अडखळेल तेथे मूळ कागद पुन्हा उघडून पाहावा.