मोर्चाची कागदपत्रे: परवानगीपासून लेखी आश्वासनापर्यंत

तालुक्याला मोर्चा किंवा उपोषण करायचे तर आठ-दहा दिवस आधी तहसीलदारांना निवेदन द्या आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात. तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, वाहने आणि पाच जबाबदार माणसांचे मोबाइल नंबर त्यात हवेत. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबल सोडू नका. स्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मग पोलिसांच्या गोपनीय (माहिती काढणाऱ्या) शाखेचा फोन येतो: किती लोक, कुठल्या गावांतून? खरा आकडा सांगा. फुगवला तर परवानगी अडते, लपवला तर अटभंग गळ्यात येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आझाद मैदानावरच्या मराठा आरक्षण आंदोलनाला परवानगी होती ५,००० जणांची. लोक कितीतरी जास्त आले आणि उच्च न्यायालयात अटभंगाचाच मुद्दा निघाला.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा जमावबंदी आदेश लागू आहे का, तेही पाहा. शासनाच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांपुढे चालत नाही, म्हणून तारखा वाचा.

आदल्या संध्याकाळी बहुधा गुन्हा घडू देऊ नका अशी पोलिसांची नोटीस येते. लोक तिला अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून ‘१४९ची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ आहे. नोटीस म्हणजे अटक नव्हे. तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. कलम १७० खाली मात्र खबरदारी म्हणून अटक होऊ शकते, साधारण २४ तासांपर्यंत. रास्ता रोकोत उचलून संध्याकाळी सोडतात ते बहुतेक वेळा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ आणि ६९ खाली, म्हणजे पोलिसांचे निर्देश न पाळणाऱ्याला हटवण्याच्या अधिकारात. तरी सुटताना कशावर सही घेताहेत ते वाचाच; गुन्हा नोंदवला असेल तर प्रकरण तिथे संपत नाही.

खरी कसोटी आमदार सरबताचा ग्लास घेऊन मंडपात येतात तेव्हा लागते. ‘आपली मागणी वरिष्ठ कार्यालयास सादर केली असून आपण उपोषणापासून परावृत्त व्हावे’ हे पत्र म्हणजे आश्वासन नव्हे, टपाल आहे. ‘नियमानुसार कार्यवाही’ हेही तसेच. पत्रात काय करणार, कोणता अधिकारी, किती तारखेपर्यंत, एवढे हवे. आणि सही ज्याला तो निर्णय घेण्याचा अधिकार आहे त्याची. बैठक लावली तर इतिवृत्ताची सहीची प्रत हातात येईपर्यंत मंडप काढू नका. मार्च २०२३ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला थांबून राहिला. मुख्यमंत्र्यांचे निवेदन विधिमंडळात झाले, अंमलबजावणीचे आदेश निघू लागले, तेव्हाच लोक परतले.

चर्चेला एकट्या नेत्याला आत बोलावतात. एकट्याने जाऊ नये. पाच जण जा, त्यातला एक फक्त लिहून घेणारा. बाहेर आल्यावर माइकवर आधी तुम्ही बोला, नाहीतर विरोधी पक्षाचा कुणीतरी आंदोलन आपल्या नावावर करून जातो.

‘गुन्हे मागे घेऊ’ या शब्दावर तरुण पोरे मोकळी होतात, आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा समोर येतो. न्यायालयात गेलेला खटला मागे घ्यायला आधी शासनाचा निर्णय, मग सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते. म्हणून पत्रात प्रत्येक गुन्ह्याचा नंबर आणि पोलीस ठाणे लिहून घ्या, तारखांना हजर राहा आणि शासन निर्णयाची प्रत वकिलाकडे पोहोचवा.