गांधीजींचे शेवटचे शब्द फॉरवर्ड करण्याआधी कसे तपासायचे

३० जानेवारी जवळ आली की ग्रुपवर तेच सुरू होतं, एक जण 'हे राम' टाकतो, दुसरा म्हणतो ते काही बोललेच नाहीत, आणि मग दोन दिवस भांडण. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून मी कशी तपासते ते सांगते.

आधी बघा, सांगणारा माणूस तेव्हा उभा कुठे होता. १९४८ साल, दिल्लीतलं बिर्ला हाऊस, संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, सरदार पटेलांशी बोलता बोलता प्रार्थनेला उशीर झालेला, आणि गांधीजी नात्यातल्या मनू आणि आभाच्या खांद्यांवर हात ठेवून भराभर चालत होते. म्हणजे मनू अगदी लागून होती. नथुराम गोडसेने तिला बाजूला ढकललं, तिच्या हातातलं सामान खाली पडलं आणि तीन गोळ्या सुटल्या. तिने 'हे राम' ऐकल्याचं लिहून ठेवलंय.

आता गांधीजींचे सेक्रेटरी व्ही. कल्याणम. तेही तिथेच होते, पण मागे. ते म्हणाले, मला ऐकू आलं नाही. बातम्यांत त्याचं झालं 'गांधीजी हे राम म्हणालेच नाहीत'! शेवटी २०१८ मध्ये त्यांना सांगावं लागलं की मी तसं कधी बोललोच नव्हतो, मला ऐकू आलं नाही एवढंच म्हणालो होतो. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे, 'ऐकलं नाही' आणि 'बोलले नाहीत' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कुठलीही पोस्ट वाचताना आधी हे दोन वेगळे करा.

नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसेनेही नंतर 'हे राम' नाकारलं, पण तो त्या दिवशी तिथे नव्हताच, आणि शिवाय खुनाच्या कटात शिक्षा झालेला आरोपी, तेव्हा त्याचा शब्द किती धरायचा ते बघा.

राजघाटावर 'हे राम' कोरलंय हा पुरावा नाही हं, ते नंतर कोरलेलं आहे. आणि कोणी शेवटचे शब्द म्हणून लांबलचक उपदेश पाठवला तर सरळ सोडून द्या, छातीत-पोटात गोळ्या लागलेला माणूस भाषण करत नाही.

पोस्ट टाकायचीच असेल तर एवढंच लिहा: 'शेजारी चालणाऱ्या मनूच्या सांगण्यानुसार, हे राम.'