पर्सेपोलिस ते बिसोतून : प्राचीन इराण पाहताना या चुका टाळा

शिराझमधल्या कुठल्याही हॉटेलात चौकशी केली की एका दिवसाचा ठरलेला बेत पुढे येतो: सकाळी पर्सेपोलिस (प्राचीन पर्शियाच्या हखामनी राजांची राजधानी), मग नक्श-ए-रुस्तम (त्यांची थडगी कोरलेला कडा), वेळ उरला तर पासारगाद (हखामनी साम्राज्याचा संस्थापक सायरस याची राजधानी आणि समाधी). बेत वाईट नाही, पण तो गाडीवाल्याच्या सोयीचा असतो. त्यात पासारगाद बहुधा गळतं. उरलेलं भर उन्हात पाहिलं जातं, आणि कुठला राजा आधी, कुठला नंतर याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. खालच्या बहुतेक चुका या एका बेतातूनच निघतात.

तिकीट काढण्याआधी

जुन्या माहितीवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने भारतीयांना विमानाने आल्यास १५ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही सवलत थांबवली गेली. तरी ‘व्हिसा लागत नाही’ सांगणारे व्हिडिओ अजून फिरत असतात. व्हिसाच्याही आधी परराष्ट्र मंत्रालयाची त्या आठवड्यातली प्रवाससूचना वाचा. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश अचानक बंद झालं आणि भारतीयांना ‘ऑपरेशन सिंधू’खाली बाहेर काढावं लागलं. सूचना ‘जाऊ नका’ म्हणत असेल तर बेत पुढे ढकला. अशा वेळी प्रवास विमाही बहुधा हात वर करतो, तेव्हा पॉलिसीतल्या अटी आधीच तपासा.

दुसरी चूक पैशांची. भारतातली ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपन्यांची कार्डं तिथे निर्बंधांमुळे चालत नाहीत, एटीएममधूनही काही निघत नाही. पूर्ण सहलीचा खर्च युरो किंवा डॉलरच्या कोऱ्या नोटांत न्यावा लागतो, कारण फाटक्या, शाई लागलेल्या नोटा बदलून देणारे कुरकुर करतात. किंमत रियालमध्ये लिहिली जाते, बोलली जाते तोमानमध्ये, आणि १ तोमान म्हणजे १० रियाल. त्यातही बोलताना ‘हजार’ गाळतात. म्हणून टॅक्सीवाला ‘पन्नास’ म्हणाला तर ‘पन्नास काय?’ हे विचारून, फोनवर आकडा टाइप करून दाखवायला सांगा. फारसी अंकही अर्ध्या तासात शिकून होतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच म्हणजे उलटा बदाम. तिकीट खिडकीवरची पाटी वाचता आली की परदेशी पाहुण्याचा आणि स्थानिकांचा दर वेगळा आहे हेही कळतं.

तारखांची चूक मात्र सर्वांत महाग पडते. नौरोझ, म्हणजे इराणी नववर्ष, २० किंवा २१ मार्चला येतो आणि सुट्टी तेरा दिवस चालते. त्या काळात पर्सेपोलिसच्या जिन्यावर उभं राहायला जागा नसते, शिराझमध्ये खोली मिळत नाही. एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य हा काळ उत्तम, आपल्या मुलांच्या सुट्टीलाही सोयीचा. दिवाळीच्या सुट्टीतही हवा छान असते, पण एक अडचण आहे. २९ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे इराणी पंचांगातल्या ७ आबानला, सायरसच्या नावाने लोक पासारगादला जमू पाहतात. २०१६ च्या मोठ्या गर्दीनंतर प्रशासन त्या दिवसांत तिथली वाट बंद ठेवतं. दिवाळी त्या सुमाराला येत असेल तर पासारगाद दोन-तीन दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकवा. मोहरमचे तासुआ-आशुरा आणि ४ जूनच्या सुमाराची खोमेनींची पुण्यतिथी, या दिवशीही बरंच काही बंद असतं.

आणि ड्रोन घरीच ठेवा. परवानगीशिवाय ड्रोन नेणं हे तिथे अटकेचं कारण आहे. पोलीस, लष्करी वाहनं, सरकारी इमारती यांचे फोटोही नकोत. बायकांसाठी डोक्यावर रुमाल हा कायदा आहे. रस्त्यावर काय दिसतं त्यावरून अंदाज न बांधता रुमाल सोबत असू द्या. पुरुषांनी हाफ पँट घालू नये.

दिवसाचा क्रम

पर्सेपोलिस शिराझपासून सुमारे ६० किलोमीटर, मर्वदश्त गावाजवळ. ड्रायव्हरला ‘तख्त-ए-जमशीद’ सांगा, पाट्यांवरही तेच नाव दिसेल. नक्श-ए-रुस्तम तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, आणि नक्श-ए-रजब ही छोटी शिल्पांची जागा वाटेतच. पासारगाद शिराझपासून सुमारे १३० किलोमीटर. प्रत्येक ठिकाणाचं तिकीट वेगळं.

हवा थंड असेल तर क्रम उलटा करा. सकाळी सातला शिराझ सोडून थेट पासारगाद गाठा, दुपारी नक्श-ए-रुस्तम पाहा, अडीचनंतर पर्सेपोलिस. याने दोन गोष्टी साधतात. सायरस आधी, पर्सेपोलिस उभारायला घेणारा दरायस नंतर असा काळाचा क्रम आपोआप लागतो. शिवाय पर्सेपोलिसचे खांब उतरत्या उन्हात पाहायला मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये मात्र हे करू नका. तेव्हा दार उघडताच पर्सेपोलिसला हजर राहा आणि अकराच्या आत बाहेर पडा, चौथऱ्यावर सावली जवळजवळ नाहीच. डिसेंबर-जानेवारीत दार लवकर बंद होतं, तेव्हाही पर्सेपोलिस आधी.

याहून चांगला तोडगा म्हणजे पासारगाद या दिवसातून काढून टाकणं. यझ्दहून शिराझला येत असाल तर बसऐवजी गाडी करा. अबरकूहचं प्राचीन सुरूचं (सायप्रसचं) झाड आणि पासारगाद दोन्ही वाटेवर लागतात. बस तिथे सामानासकट थांबत नाही, म्हणून स्वस्त तिकिटाच्या नादात ही संधी हुकते.

पर्सेपोलिसला नेमकं काय चुकतं

‘दगडी राजवाडा’ अशी कल्पना करून गेलात की निराशा होते. दाराच्या चौकटी आणि खिडक्या मोकळ्या उभ्या, मध्ये काहीच नाही. कारण सोपं आहे. चौकटी, खांब, जिने दगडाचे होते, पण भिंती कच्च्या विटांच्या आणि छप्पर लाकडाचं. इ.स.पू. ३३० मध्ये अलेक्झांडरच्या काळात आग लागली तेव्हा छप्पर गेलं, मग पावसा-वाऱ्याने भिंती गेल्या. दोन चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे भिंत, हे डोक्यात ठेवून चाललं की आराखडा उलगडतो. दगड रंगवलेले होते हेही ध्यानात असू द्या, आजचा करडा रंग मूळचा नाही.

मुख्य जिन्याला दोन्ही बाजूंनी १११ पायऱ्या आहेत, अगदी बुटक्या. घोडे चढावेत म्हणून, असं गाइड छातीठोकपणे सांगतात. लांब झग्यातल्या सरदारांना डौलात चढता यावं, हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. वर आलं की दरायसचा मुलगा झर्क्सीझ याचं ‘सर्व राष्ट्रांचं द्वार’. इथे लोक पंखवाल्या बैलांसोबत फोटो काढून पुढे जातात आणि आतल्या बाजूला कोरलेली नावं पाहायची राहून जातात. जुन्या युरोपीय प्रवाशांनी दगडावर नावं खोदून ठेवली आहेत. त्यात १८०० साली आलेल्या कॅप्टन जॉन माल्कमचंही नाव आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये ज्याच्यापुढे शरणागती पत्करली आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेला ज्याचं नाव लागलं, तोच हा. त्याचा कित्ता गिरवू नका. दगडाला हात लावणंही टाळा, बोटांचा तेलकटपणा हळूहळू कोरीव कामावर बसतो.

खरी चूक पुढे होते. द्वारातून बाहेर आलं की समोर आपादानाचा, म्हणजे राजाच्या भव्य दरबारी दालनाचा, उत्तरेकडचा जिना दिसतो. लोक तो पाहतात, खांबांकडे वळतात आणि पूर्वेकडचा जिना चुकवतात. या दालनाचे एकूण ७२ खांब होते. आज जेमतेम तेरा-चौदा उभे आहेत, सुमारे २० मीटर उंच. पण इथला खरा ऐवज पूर्वेचा जिना आहे. तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता म्हणून वाचला. १९३०च्या दशकात शिकागो विद्यापीठासाठी पुरातत्त्वज्ञ हर्झफेल्डने केलेल्या उत्खननात तो बाहेर आला. आता त्यावर छप्पर आहे, त्यामुळे भर दुपारीही तो निवांत पाहता येतो. म्हणून कडक ऊन असेल ती वेळ याच्यासाठी राखून ठेवा, उघड्यावरचं सगळं आधी किंवा नंतर.

हा जिना वाचायचा कसा? दक्षिणेकडच्या भागात साम्राज्यातल्या २३ लोकांची शिष्टमंडळं नजराणे घेऊन येतात. दोन शिष्टमंडळांमध्ये सुरूचं झाड कोरलेलं आहे, तीच सीमारेषा. प्रत्येक पुढाऱ्याचा हात एका राजसेवकाने धरला आहे. चुणीदार उंच टोपी आणि घोळदार झगा असेल तर तो पर्शियन, गोल टोपी आणि विजार असेल तर मीड, म्हणजे पर्शियनांचे शेजारी इराणी लोक. एवढं कळलं की पुढचं स्वतःच ओळखता येतं. दोन वशिंडांचे उंट घेऊन आलेले मध्य आशियातले, शेवटी हस्तिदंत घेऊन आलेले इथिओपियाचे. भारतीय शोधायचे असतील तर उघड्या अंगाचे, धोतरासारखं वस्त्र नेसलेले, खांद्यावर कावड घेतलेले लोक पाहा. मागून एक जण गाढवासारखं जनावर हाकतो आहे. कावडीतल्या टोपल्यांत सोन्याची भुकटी असावी असं मानतात, कारण ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सिंधूकाठच्या प्रांताची खंडणी सोन्याच्या भुकटीचीच सांगतो, ३६० टॅलेंट (हे वजनाचं जुनं माप). ही कावड न पाहता परतणारे मराठी पर्यटक पुष्कळ असावेत.

मग दरायसचा तचरा हा महाल, शंभर खांबांचं दालन, खजिन्याची जागा. शेवटी मागच्या डोंगरावरची थडगी. डोंगरावर चढणं कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात, पण सगळा चौथरा एका नजरेत दिसतो तो तिथूनच. एकूण साडेतीन तास धरा, प्रत्येकी दीड लिटर पाणी, टोपी, आणि फोनचा पॉवर बँक. ट्रायपॉड आणि मोठी बॅग दारात ठेवून घेतात.

नक्श-ए-रुस्तम : दोन घराण्यांची सरमिसळ

एकाच कड्यावर दोन वेगळे काळ आहेत, आणि गाइड घाईत असेल तर ते एकाच वाक्यात उरकतो. वर क्रूसाच्या आकारात कोरलेली चार थडगी हखामनी राजांची. त्यातलं फक्त पहिल्या दरायसचं थडगं लेखामुळे निश्चित ओळखता येतं, बाकीची तीन अंदाजाने ठरवलेली. खालची घोडेस्वारांची शिल्पं सासानी या नंतरच्या इराणी राजघराण्याची, म्हणजे जवळपास साडेसातशे वर्षांनंतरची. सासानी राजा पहिल्या शापूरपुढे गुडघे टेकलेला रोमन सम्राट फिलिप आणि शापूरने मनगट धरलेला दुसरा रोमन सम्राट व्हॅलेरियन, ही गोष्ट इ.स. तिसऱ्या शतकातली. आधी वर पाहा, मग खाली.

समोर खड्ड्यात उभी असलेली चौकोनी दगडी इमारत म्हणजे काबा-ए-झरतुश्त. ‘अग्निमंदिर’ हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. तिचा मूळ उपयोग अजून निश्चित नाही, मात्र तिच्यावर शापूरचा तीन भाषांतला लेख आहे. थडगी उंचावर आहेत, चढू देत नाहीत, त्यामुळे ८ पट दाखवणारी साधी दुर्बीण असल्याशिवाय वरचं सिंहासन उचलणारे लोक दिसत नाहीत. परतताना नक्श-ए-रजबला वीस मिनिटं पुरतात.

पासारगाद

इथे लोक सायरसची समाधी पाहून परत फिरतात. सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावरची, एकूण सुमारे ११ मीटर उंच समाधी सुंदर आहेच, पण बाकीचे अवशेष मोकळ्या मैदानात दूरदूर विखुरलेले आहेत. चार पंखांची आकृती असलेला प्रवेशद्वाराचा दगड, राजवाड्यांचे तळखडे, बागेतले दगडी पाट, टेकडीवरचा तल्ल-ए-तख्त हा दगडी चौथरा, हे सगळं चालत पाहायचं तर दीड-दोन तास लागतात. आत फिरवणारी गाडी मिळाली तर घ्या. ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंच आहे. शिराझमध्ये शर्टवर फिरत असाल तरी इथला वारा कानात शिरतो. जेवणाची सोय फारशी नाही, डबा सोबत घ्या. शाकाहारी माणसाने ‘गोश्त नको’ एवढंच सांगू नये. तिथे कोंबडी ‘गोश्त’मध्ये धरत नाहीत, म्हणून ‘मुर्ग’ही नको असं वेगळं सांगा.

यझ्द, बिसोतून, शूश

यझ्दच्या आतश बहराम या झरतुश्ती अग्निमंदिराची इमारत प्राचीन नाही, ती १९३४ ची, भारतातल्या पारशांच्या मदतीने बांधलेली. जुना आहे तो अग्नी, इ.स. ४७० पासून तेवत असल्याची परंपरा सांगते. मुंबईच्या अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो, म्हणून काही जण इथेही बाहेरूनच परततात. इथे काचेपलीकडून अग्नी पाहू देतात, आत जा.

बिसोतून केर्मानशाहपासून सुमारे ३० किलोमीटरवर. दरायसचा तीन लिपींतला लेख कड्यावर इतका उंच आहे की खालून फक्त आकृत्यांची ओळ दिसते, जवळ जायची वाट नाही. दुर्बीण विसरलात तर फेरी वाया गेलीच समजा. कैद्यांच्या रांगेत शेवटी टोकदार टोपीचा शक राजा स्कुन्ख नंतर कोरला. त्याला जागा करताना आधीच्या एलामी भाषेतल्या मजकुराचा भाग खरवडून टाकला गेला. जवळच गुळगुळीत तासलेला प्रचंड कडा लोककथेप्रमाणे फरहादने शिरीनसाठी खोदलेला. अभ्यासक मात्र त्याचा संबंध सासानी राजा दुसऱ्या खुस्रोशी जोडतात.

शूश, म्हणजे प्राचीन सुसा, पर्सेपोलिसच्या अपेक्षेने पाहू नका. तिथले रंगीत विटांचे धनुर्धारी आणि बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याचा कायदेस्तंभ पॅरिसला लूव्हरमध्ये आहेत, आणि दरायसचा डोकं नसलेला पुतळा तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात. जागेवर तळखडे उरले आहेत. शूशला जायचं ते खरं तर ३० किलोमीटरवरच्या चोघा झंबीलसाठी. एलाम या प्राचीन राज्याचा राजा उन्ताश-नापिरिशा याने इ.स.पू. १२५० च्या सुमारास उभारलेला हा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचं विटांचं मंदिर, पर्शियनांच्या कितीतरी आधीचा आहे. विटांवर कीलाकार (खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीतले) लेख अजून स्पष्ट दिसतात. शूश ज्या प्रांतात आहे त्या खुजेस्तानात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून हा टप्पा नोव्हेंबर ते मार्चमध्येच ठेवा. मे महिन्यात शिराझला जाणाऱ्यांनी तो सरळ वगळावा.