मळीच्या टाकीवर ब्लास्टिंग सुरू करण्यापूर्वी: तयारीची यादी

साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की मळीच्या पोलादी टाक्यांचा जुना रंग आणि गंज ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेतून कठीण कणांचा मारा करून, काढून नवा रंग देण्याचे काम निघते. टाकी जागेवरून हलवता येत नसल्यामुळे चाकांवरचा पॉट (माऱ्याचे कण भरण्याचे भांडे), डिझेल कंप्रेसर आणि होज (जाड रबरी नळी) हे सगळे टाकीपाशी आणावे लागते. पुढील यादी अशा फिरत्या यंत्रासाठी आहे आणि ती काम सुरू होण्याच्या निदान आदल्या दिवशी हातात घ्यावी, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी कंप्रेसर सुरू झाल्यावर सुधारता येत नाहीत. या कामाचे यश आणि कामगाराचा जीव ही दोन्ही हवेवर अवलंबून असतात: पोलादावर जाणारी हवा कोरडी आणि पुरेशी हवी, छातीत जाणारी हवा स्वच्छ हवी, आणि पुष्कळ साइटवर या दोन्ही हवा एकाच कंप्रेसरमधून येतात.

सर्वांत आधी पॉटमध्ये काय भरले जाणार आहे ते पाहावे. नदीची किंवा समुद्राची वाळू आणली असेल तर ती परत पाठवावी. या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. वाळूतील स्फटिकरूप सिलिका पोलादावर आपटून फुटते, तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही; शिवाय त्या रोग्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्या रोगांची सूचना सरकारला देणे बंधनकारक होते त्या यादीत, सिलिकोसिसचे नाव होते. ब्रिटनने कारखान्यांतील ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी वाळू वापरण्यास १९४९ सालच्या नियमांनी मनाई केली. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडावर वाळूचा मारा करणारे तरुण कामगार या रोगाने दगावू लागले, तेव्हा २००९ मध्ये तेथेही बंदी आली. तेव्हा ‘थोड्याच कामासाठी वाळू चालेल’ हे म्हणणे ऐकूनच घेऊ नये. कॉपर स्लॅग (तांबे गाळल्यावर उरणारा कणीदार पदार्थ) किंवा गार्नेट (एक कठीण खनिज) मागवावे आणि त्यातील मुक्त सिलिका १ टक्क्यापेक्षा कमी असल्याचा चाचणी अहवाल मालासोबतच मागून घ्यावा. पोती लाकडी फळ्यांवर, ताडपत्रीखाली ठेवावीत. प्रत्येक खेपेतील मूठभर माल काचेच्या बाटलीत स्वच्छ पाण्यासोबत हलवून पाहावा. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर तो माल वापरू नये, कारण ते तेल पोलादावर जाईल आणि रंग तिथूनच सुटेल.

जुना रंग कोणता आहे, हेही याच वेळी तपासावे. फार जुन्या टाक्यांवर रंगाच्या तळाशी शिशाचा नारिंगी प्रायमर सापडू शकतो. थरांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून शिसे आहे की नाही याची खात्री होईपर्यंत काम सुरू करू नये. शिसे निघाले तर बंदिस्त आच्छादन, कामगारांच्या रक्ताची तपासणी आणि कचऱ्याची वेगळी विल्हेवाट या साऱ्यांची तजवीज करावी लागते, आणि तो खर्च निविदेतच धरलेला असला पाहिजे.

टाकी रिकामी झाली म्हणजे ती तयार झाली असे नाही. मळीचा चिकट थर ब्लास्टिंगने निघत नाही, उलट तो पोलादाच्या खड्ड्यांत ठोकला जातो. म्हणून आधी गरम पाण्याने धुऊन, तेलकट डाग वेगळे पुसून, टाकी पूर्ण सुकू द्यावी. तळाशी उरलेली पातळ मळी आंबत असते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळालाच साचून राहतो. त्याला रंग नाही, गंध नाही आणि त्यात उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळू शकतो. मॅनहोल उघडल्यावर ऑक्सिजन मोजणारा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वाचन घ्यावे; ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कोणालाही आत सोडू नये. आत काम चालू असताना बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा सतत चालू ठेवावा आणि मॅनहोलपाशी एक माणूस फक्त लक्ष ठेवण्यासाठी उभा करावा, ज्याच्याकडे दुसरे कोणतेही काम नसेल. आत कोणी पडलेले दिसले तरी त्याने स्वतः उतरायचे नाही, मदत बोलवायची, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे. अशा अपघातांत वाचवायला गेलेला दुसरा माणूसही बळी पडतो. आतले हातदिवे २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचे नसावेत, हे कारखाने अधिनियमाच्या कलम ३६-अ मध्येच होते. बाजूला आसवनी (डिस्टिलरी) असेल किंवा बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग असेल तर ठिणगीचा धोका गृहीत धरून आसवनीच्या अधिकाऱ्याचीही परमिटवर (कामाच्या परवान्यावर) सही घ्यावी.

आता कंप्रेसर. नोझलचे, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीचे, छिद्र तीन सुती, म्हणजे ३/८ इंच, असेल तर ७ किलो दाबाला ते मिनिटाला सुमारे २०० घनफूट हवा ओढते. त्याच नोझलचे छिद्र झिजून साडेतीन सूत झाले की ही मागणी २५० घनफुटांवर जाते. नोझल धरणाऱ्याच्या हेल्मेटला श्वासासाठी लागणारी हवा आणि थोडी शिल्लक धरली तर ३०० घनफुटांपेक्षा लहान कंप्रेसर आणू नये. भाडे वाचवण्यासाठी लहान कंप्रेसर आणणे हा खोटा हिशेब आहे: नोझलपाशी दाब दर पौंडाने घसरला की कामाचा वेग साधारण दीड टक्क्याने कमी होतो, म्हणजे ८० पौंडांवर काम करणारा माणूस १०० पौंडांच्या (सुमारे ७ किलोच्या) तुलनेत सुमारे तीस टक्के मागे पडतो, आणि तेवढ्याच कामासाठी डिझेल आणि स्लॅग मात्र जास्त जातात. दाब कंप्रेसरच्या घड्याळावर वाचू नये. नोझलच्या मागे होजमध्ये सुईचा गेज टोचून, स्लॅग वाहत असतानाच तो मोजावा. होजचा आतला व्यास नोझलच्या छिद्राच्या तिप्पट ते चौपट असावा. तीन सुती नोझलला सव्वा इंची होज बरोबर बसतो.

कंप्रेसर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धुळीपासून दूर आणि अशा कोनात उभा करावा की त्याचाच धूर त्याच्या हवा घेणाऱ्या तोंडाकडे येणार नाही. हे सांगण्याचे कारण गंभीर आहे. श्वासाच्या हवेच्या फिल्टरमधील कोळसा तेलाची वाफ आणि वास पकडतो, पण कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही; त्यासाठी वेगळा अलार्म बसवावा आणि तो दशलक्ष भागांत १० भागांवर वाजेल असा लावून, चाचणी वायूने तपासून घ्यावा. माझे स्पष्ट मत असे आहे की श्वासाची हवा डिझेल कंप्रेसरमधून घेण्यापेक्षा तेल नसलेला वेगळा पंप स्वच्छ जागी ठेवून त्यातून द्यावी. त्याचे भाडे एकूण कामाच्या मानाने किरकोळ असते.

पोलादावर जाणाऱ्या हवेची परीक्षा पांढऱ्या टिपकागदाने करावी. स्लॅगचा व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त हवा सोडावी आणि कागद काठीला लावून हातभर अंतरावर मिनिटभर धरावा. ओलसर डाग म्हणजे पाणी, पिवळट पारदर्शक डाग म्हणजे तेल. दोन्हींपैकी काहीही दिसले तर आफ्टरकूलर (हवा थंड करणारा) आणि मॉइश्चर सेपरेटर (पाणी वेगळे काढणारा) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सेपरेटरचा खालचा कॉक पावसाळी हवेत किंचित उघडाच ठेवावा.

पॉट हे दाबाचे भांडे आहे, म्हणून त्याच्या तपासणीचे सक्षम व्यक्तीने दिलेले चालू प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणी प्लग बसवलेला नाही याची खात्री करावी. होज पूर्ण लांबीभर हाताने चाचपून घ्यावा. जिथे अंगठा दाबला की नळी मऊ लागते, तिथे ती आतून झिजलेली असते आणि नेमकी वळणावरच फुटते. कपलिंगचे रबरी वायसर, सुरक्षा पिना आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना अडकवलेली तारदोरी ही तिन्ही प्रत्येक जोडावर असली पाहिजेत. ७ किलो दाबाखाली सुटलेला होज चाबकासारखा फिरतो आणि हाडे मोडतो. स्लॅग घासून वाहताना स्थिर वीज साठते, म्हणून होज स्थिर वीज वाहून नेणाऱ्या जातीचा असावा आणि पॉट व टाकी या दोन्हींना अर्थिंग द्यावे.

डेडमॅन हँडलसाठी थोडा वेळ राखून ठेवावा. हात सोडला की मारा आपोआप थांबावा एवढ्यासाठीच ते आहे. तरीही बोटे दुखतात म्हणून ते तारेने किंवा चिकटपट्टीने बांधलेले साइटवर दिसते. तसे आढळल्यास तार काढून काम थांबवावे आणि बोटे का दुखतात ते पाहावे: होज जड असेल तर त्याचे वजन परांचीला टांगून हलके करता येते, आणि पाळी लहान करता येते. भरलेल्या पॉटवर हँडल तीनदा दाबून सोडून पाहावे. होज तीस मीटरपेक्षा लांब असेल तर हवेवर चालणारे हँडल उशिरा प्रतिसाद देते; तिथे विजेवर चालणारे घ्यावे. नोझलमध्ये साडेतीन सुती ड्रिलचा दांडा सहज शिरला तर ते नोझल टाकून द्यावे.

माणसाची तयारी थोडक्यात सांगता येते, पण तिच्यात काही गाळता येत नाही. नोझल धरणाऱ्याला बाहेरून हवा मिळणारे हेल्मेट, चामड्याचे हातमोजे व अंगरखा, पोलादी टोकाचे बूट. हेल्मेटच्या आत कानात प्लग, कारण नोझलपाशी आवाज ११० डेसिबलच्याही वर जातो. नाकावरचा कापडी मास्क किंवा रुमाल येथे कुचकामी आहे. पॉट भरणारा हेल्परही त्याच धुळीत उभा असतो, हे ठेकेदार विसरतात. त्यालाही योग्य रेस्पिरेटर आणि कानाचे संरक्षण द्यावे. आवाजात हाक ऐकू येत नाही, तेव्हा थांबण्याची खूण दिवा किंवा दोरीच्या झटक्याने आधी ठरवावी. तीन सुती नोझल तासाला सुमारे ५०० किलो स्लॅग खाते, म्हणजे हेल्परला पॉट वारंवार भरावा लागतो. झाकण उघडण्यापूर्वी पूर्ण दाब सोडलाच पाहिजे, आणि पोती पॉटपासून दूर असली की घाईत हीच पायरी चुकते. कामावर घेण्यापूर्वी दोघांच्याही छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची चाचणी झालेली असावी.

हवामान रोज सकाळी आणि दुपारी मोजावे. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो, तेव्हा पत्रा २९ अंशांपेक्षा थंड असताना अखेरचा मारा आणि रंग दोन्ही थांबवावेत. जूनमध्ये टाकीची सावलीतली बाजू दुपारपर्यंत थंड राहते. तापमापक तिथेच लावावा, उन्हातल्या बाजूला नव्हे.

पृष्ठभाग आयएसओ ८५०१-१ प्रमाणे एसए २½ (सफाईचा एक दर्जा) हवा असे कागदावर लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ दोघांनी दोन प्रकारे लावला की वाद होतात. पहिल्या दिवशी हातभर चौकोन साफ करून कारखान्याच्या अभियंत्यासमोर मंजूर करून घ्यावा, खडबडीतपणा रंगाच्या पत्रकात मागितला आहे तितका, बहुधा ५० ते ७५ मायक्रॉन, भरतो का ते पृष्ठभागाचा ठसा घेणाऱ्या टेपने मोजावे आणि तो चौकोन वार्निश लावून शेवटपर्यंत राखून ठेवावा. दिवसाचे क्षेत्र ब्लास्टिंगच्या वेगावर ठरवू नये. साफ पत्र्यावर साधारण चार तासांत प्रायमर लागला पाहिजे, म्हणून रंगाऱ्यांना जेवढे झेपेल तेवढेच उघडे करावे.

संध्याकाळी पॉट रिकामा करून ठेवावा, नाही तर रात्रीच्या दमटपणात आतला स्लॅग दगड होतो. अंगावरची धूळ हवेच्या नळीने उडवू नये; व्हॅक्यूमने काढावी आणि हेल्मेट सर्वांत शेवटी उतरवावे. वापरलेला स्लॅग रंगाच्या कपच्यांसह झाकून साठवावा, गटारात किंवा उसाच्या रस्त्यावर भराव म्हणून टाकू नये. त्यात शिसे आढळले असेल तर घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत केंद्राकडे पाठवून त्याची पावती कामाच्या फाइलला लावावी.