एमआरएनए भरपूर, पण प्रथिन नाही? रायबोसोमच्या सुरुवातीच्या या चुका टाळा

जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलं, सिक्वेन्स बरोबर आला, एमआरएनएही (जनुकाची आरएनए नक्कल) भरपूर आहे, पण जेलवर प्रथिनाचा बँड नाही. अशा वेळी प्रमोटर (ही नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा भाग) बदलू नका. एमआरएनए तयार झाला म्हणजे प्रमोटरने त्याचं काम केलंय. अडलंय ते बहुधा रायबोसोमपाशी, म्हणजे एमआरएनए वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्रापाशी.

मानवी जनुक कोझॅक क्रमासकट (आपल्या पेशींत सुरुवातीच्या कोडॉनभोवती असणारा क्रम) उचलून जिवाणूत टाकणं ही सर्रास होणारी चूक. आपल्या पेशींत रायबोसोम सहसा एमआरएनएच्या टोकाची कॅप धरतो आणि सरकत सरकत एयूजी हा तीन बेसचा, सुरुवात दाखवणारा कोडॉन शोधतो. जिवाणूत ती कॅपच नसते. तिथे रायबोसोमचं ३०एस हे लहान उपएकक थेट सुरुवातीच्या जागेवर बसतं. त्याच्यातल्या १६एस आरआरएनए या आरएनएच्या शेपटाशी एमआरएनएवरचा एजीजीएजीजीसारखा तुकडा जोड्या जुळवतो. जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी १९७४ मध्ये हे मांडलं, म्हणून हा शाइन-डालगार्नो तुकडा. कोझॅक क्रम हे काम करू शकत नाही.

तुकडा आहे, तरी प्रथिन नाही? मग अंतर मोजा. तुकडा आणि एयूजी यांच्यात साधारण ५ ते ९ बेस हवेत, नाहीतर कोडॉन रायबोसोमच्या पी-जागेत (जिथून वाचन सुरू होतं) नीट बसत नाही. पीईटी प्लाझ्मिड (जनुक जिवाणूत नेणारं डीएनएचं वर्तुळ) वापरणाऱ्यांनी एक्सबीए-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने कापताना विशेष जपावं. त्याची कापण्याची जागा या तुकड्याच्या आधी येते, त्यामुळे तुकडाच कापला जातो. तो प्रायमरमधून परत घालावा लागतो.

खरा छळ मात्र हेअरपिनचा, म्हणजे एमआरएनएच्या घडीचा. क्रम उत्तम, अंतर अचूक, पण एमआरएनए स्वतःवरच दुमडून तो भाग झाकून टाकतो. रायबोसोमचं एस१ प्रथिन घड्या उलगडायला मदत करतं, पण घट्ट हेअरपिनपुढे तेही कमी पडतं. म्हणून जनुकाचे पहिले दहा-पंधरा कोडॉन एमआरएनएच्या पुढच्या भागासकट फोल्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. तिथे जी आणि सी बेस जास्त असतील तर तेच अमिनो आम्ल देणारे, ए आणि यू जास्त असलेले कोडॉन निवडा. माझ्या मते हा बदल सगळ्यांत आधी करून पाहावा.

जेलवर एक छोटा बँड जास्तीचा दिसला की लगेच प्रोटिएजला (प्रथिन तोडणाऱ्या विकराला) दोष देऊ नका. जनुकाच्या आतल्या एखाद्या एयूजीच्या आधी असाच तुकडा असेल, तर रायबोसोम तिथूनही सुरुवात करतो.

जीनोम वाचताना फक्त एयूजी शोधणंही चुकीचं. जीयूजी आणि यूयूजीपासूनही जनुकं सुरू होतात, आणि तिथेही पहिलं अमिनो आम्ल फॉर्मिल-मेथिओनिनच असतं. शाइन-डालगार्नो तुकडा दिसला नाही म्हणून जनुक खोडून टाकू नका. लॅम्डा फेज या जिवाणूंच्या विषाणूच्या सीआय जनुकाचा एक एमआरएनए थेट एयूजीपासूनच सुरू होतो, म्हणजे त्याच्या आधी तुकड्याला जागाच नाही.