बधिर पाय भाजला तर या चुका टाळा

स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष, ज्यात पाय बधिर असू शकतात) असलेल्या मुलाचा पाय भाजतो तेव्हा सर्वांत महागात पडणारी चूक एकच: "रडत नाहीये, म्हणजे फार भाजलं नसेल." पाय बधिर असेल तर दुखण्यावरून काहीच ठरवता येत नाही. उलट चटका जाणवत नसल्याने मूल पाय मागे घेत नाही आणि त्वचा तापलेल्या वस्तूला टेकून राहते. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्याने तर काही सेकंदांतच खोलवर भाजतं.

म्हणून जखमेचा रंग बघा. गुलाबी, ओलसर आणि दाबल्यावर पांढरी पडून लगेच लाल होणारी जखम बहुधा वरवरची असते. पांढरट, कोरडी, चामड्यासारखी किंवा दाबूनही लालच राहणारी जखम खोल समजा. खोली दोन-तीन दिवसांत बदलूही शकते, त्यामुळे डॉक्टरांना पुन्हा दाखवणं टाळू नका.

पायमोजा, पैंजण, कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा), डायपर लगेच काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेल्या भागावर नळाचं वाहतं पाणी 20 मिनिटं सोडा. पहिल्या तीन तासांत केव्हाही याचा उपयोग होतो. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान मूल पटकन गारठतं. बर्फ नकोच, त्याने होणारी इजाही मुलाला कळणार नाही. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. डॉक्टरांनी पाहण्याआधी पांढरं सिल्व्हर मलमही नको, त्याच्या थराखाली जखमेची खोली ओळखता येत नाही. जखमेवर स्वच्छ प्लास्टिक फिल्म नुसती ठेवा, गुंडाळू नका.

पाय, जननेंद्रिय किंवा सांधा भाजला असेल किंवा जखम खोल वाटत असेल, तर थेट बर्न्स विभाग गाठा. बोटांसकट मुलाचा तळहात म्हणजे शरीराचा साधारण 1 टक्का. 10 टक्क्यांच्या वर भाजलं तर सलाइन लागतं. शेवटची धनुर्वाताची लस कधी दिली ते सांगा. आणि दारातच सांगा: "लॅटेक्सचे (नैसर्गिक रबराचे) हातमोजे, कॅथेटर (लघवीची नळी) वापरू नका." या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते आणि ती जीवघेणी ठरू शकते.

घरी आल्यावर खरा धोका दाबाचा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. पट्टी आवळली तरी मूल तक्रार करणार नाही, त्यामुळे बोटांचा रंग आणि सूज दर काही तासांनी बघा. डॉक्टर सांगेपर्यंत कॅलिपर चढवू नका, नाहीतर नवी कातडी घासून निघते. ताप, दुर्गंधी किंवा पसरत जाणारी लाली दिसली की त्याच दिवशी दाखवा.

आंघोळीला बादलीत आधी गार पाणी, मग गरम. थर्मामीटरवर 37-38 अंश. गरम पाण्याची पिशवी या पायांना कधीच नको. दुचाकीवर बसताना, उन्हात गच्चीवर जाताना बूट-मोजे घालाच.